एक वाचक

वैशालीने ओढणी कमरेला बांधली, खडू दातांत धरला आणि बांबूच्या चौकटीखालून वाकून आत शिरली. बॅनर आणि दुकानाची भिंत यांच्यामध्ये जेमतेम दीड हात जागा होती. पुढे फळा, मागे पाठीला घासणारं फ्लेक्स. रस्त्यापलीकडे बसस्टॉपवर उभ्या असलेल्यांना बॅनरखालून फक्त तिच्या चपला दिसत होत्या.

फळ्याचे तिने नेहमीसारखे दोन भाग पाडले. डावीकडे ‘बातमी’, उजवीकडे ‘शिफारस’. बातमीखाली लिहिलं, ‘दुकान चालू आहे. बॅनरच्या मागे आहे.’ मग तिचं तिलाच हसू आलं. ही बातमी वाचायची तर माणसाने आधी बॅनरच्या मागे यायला हवं. हसू ओसरलं तशी ती चिडली, आणि चिडल्यावर तिचं अक्षर नेहमीच सुधारायचं. शिफारशीचा भाग तिने चांगला टपोऱ्या अक्षरांत भरला आणि आली तशीच वाकून बाहेर पडली.

नेरुळमध्ये, सारसोळे गावाला खेटून असलेल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर तिचं पुस्तकांचं दुकान होतं. पाटीवर काहीतरी सुंदर नाव होतं, ते कोणी घेत नसे. लोक ‘गाळा नंबर चार’ म्हणत आणि दुकान ओळखत ते या फळ्यावरून. दर शनिवारी फळा बदलायचा. बातमी म्हणजे दुकानातलीच साधीसुधी गोष्ट. नवं काय आलं, कोणत्या कादंबरीच्या शेवटावरून दोन गिऱ्हाइकं भांडली, वाळवी लागली आणि तिने स्पर्धापरीक्षांची गाइडं सोडून कशालाही तोंड लावलं नाही, असलं काही. शिफारशीचा नियम मात्र कडक होता. दुकान स्वतः कशाचीच शिफारस करायचं नाही. ज्याने पुस्तक शेवटपर्यंत वाचलंय त्याने दोन ओळी सांगायच्या, वैशालीने त्या फळ्यावर लिहायच्या आणि खाली सांगणाऱ्याचं नाव घालायचं. पन्नाशीला टेकल्यावर बँकेतली नोकरी सोडून तिने दुकान काढलं, तेव्हा तिला एवढंच कळत होतं की विकणाऱ्याचं कोणी ऐकत नाही, वाचणाऱ्याचं ऐकतात.

आणि ऐकत होते. बसस्टॉपवर ताटकळलेली माणसं फळा वाचायची आणि त्यातली एखाद-दोन बस सोडून रस्ता ओलांडायची. दुकान त्या एखाद-दोन माणसांवर उभं होतं.

दिवाळी सरली आणि फळ्यासमोर, फुटपाथवर, बांबूची चौकट उभी राहिली. तिच्यावर दहा फुटी बॅनर. ‘सौ. प्रियाताई कुंदन म्हात्रे यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.’ बाईंचा चेहरा खिडकीएवढा, दुधासारखा गोरा, नाकात नथ, हात जोडलेले. कोपऱ्यात बाईंचे यजमान कुंदनशेठ, बाईंपेक्षा किंचित मोठे. खाली शुभेच्छुकांच्या दोन रांगा. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाल्याची कुणकुण लागल्यापासून या भागातल्या बायकांना भराभर वाढदिवस येऊ लागले होते, त्यातलाच हा एक.

मंडळाच्या पोरांनी सांगितलं, “चार दिस ताई, फक्त चार दिस.” त्या चार दिवसांचे तीन आठवडे झाले. तिने महापालिकेत तक्रार केली. तक्रारीचा नंबर मिळाला आणि संध्याकाळी तीच पोरं दात काढत दारात आली. “डायरेक आमाला सांगायचं ना ताई. काढू की. इलेक्शन झालं की लगेच काढू.”

हे सगळं तिने गिळलं असतं. पण गुरुवारी कामोठ्याहून एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. “दुकान बंद केलंत म्हणे? बसमधून बघितलं, फळा दिसला नाही. चांगलं चाललं होतं हो.” चालत्याबोलत्या दुकानाचं सांत्वन ऐकून वैशालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. निवडणुकीपर्यंत फळा झाकलेला राहिला तर हा फोन खरा ठरणार होता, हे तिला दिसत होतं. तिने फोन ठेवला, दुकानाला कडी घातली आणि सारसोळ्याच्या गल्लीत तेजसच्या फ्लेक्स छपाईच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

तेजस गावातला पोरगा. त्याने कॉम्प्युटरवरून मान वर न करताच विचारलं, “बोला ताई. बर्थडे कोनाचा?”

“कोणाचाच नाही.”

“मंग श्रद्धांजली?”

“अरे, जिवंत आहे मी अजून. पुस्तकांच्या शिफारशींचा बॅनर हवाय मला. दहा बाय आठ.”

आता त्याने मान वर केली. “ताई, बॅनर दोनच टाइपचे असतात. जल्माला आला त्याचा आनि मेला त्याचा. पुस्तकाचा म्हनजे… बरं. खाली शुभेच्छुक कोन?”

“ते कशाला?”

“खाली तोंडं नसली की बॅनर बेवारस. बेवारस बॅनर पोरं सकालच्या चहाच्या आधी उतरवतात. तोंडं असली की जरा थांबतात. ह्याची आई वलखीची, त्याचा बाप वलखीचा. कोनाचं तोंड फाडायचं म्हनजे भांडान लागतं ना.” त्याने माऊस हातात घेतला. “लावनार कुठं?”

“माझ्या दुकानासमोर. त्याच बांबूंवर.”

तेजसचा हात थांबला. “कुंदनशेठच्या बॅनरवर?”

“माझ्या फळ्यावर त्यांचा बॅनर, त्यांच्या बॅनरवर माझा. फिटंफाट.”

“ताई, बॅनरवर बॅनर म्हनजे सरल थोबाडीत. आनि तो बॅनर मीच छापलाय.”

“मग माप तुझ्याकडे असेलच,” वैशाली म्हणाली.

तेजसने माऊस सोडला. मग मान खाजवून म्हणाला, “छापून देतो. बांधायला येनार नाय. आनि दोन-तीन तरी तोंडं आना. किती हायत त्याला किंमत नाय, कोनाची हायत त्याला हाय.”

तोंडं मिळवणं सोपं जाईल असं वैशालीला वाटलं होतं. फळ्यावर नाव यावं म्हणून माणसं किती धडपडायची! सर्वांत पुढे दिनानाथ सबनीस. निवृत्त इंजिनिअर. त्यांच्या शिफारशीखाली नुसतं नाव चालत नसे, पुढे पदवीही लिहावी लागे. एकदा खडू संपत आला म्हणून तिने पदवी गाळली, तर ते आठवडाभर दुकानात फिरकले नव्हते. ती त्यांच्याकडेच आधी गेली.

दिनानाथांनी तिला चहा दिला, बिस्किटं दिली, आणि शेवटी म्हणाले, “फोटोचं तेवढं राहू द्या.”

“का हो? फळ्यावर तर नाव घालता.”

“फळा वेगळा, फ्लेक्स वेगळं. फळा पुसता येतो.” त्यांनी बशीतला चुरा बोटाने गोळा केला. “आमच्या सोसायटीच्या रंगाचं काम कुंदनशेठकडे आहे, वैशालीताई. उगाच राजकारण नको. शिवाय तुमचा बॅनरही अनधिकृतच होणार ना?”

“होणार,” वैशाली म्हणाली आणि उरलेला चहा तसाच ठेवून उठली.

बाकीच्यांनीही तेच सांगितलं, फक्त चहा वेगवेगळा होता. कोणाचा मुलगा सरकारी नोकरीत, कोणाच्या नवऱ्याला आवडत नाही, कोणाचा फोटो म्हणे चांगलाच येत नाही. वाचलेल्या पुस्तकांबद्दल तासन्‌तास बोलणारी माणसं वीतभर फोटोला घाबरली. तयार झाल्या दोघीच. एक कॉलेजातली जाई, जिला नाही म्हणणं अजून जमत नव्हतं आणि घाबरणं त्याहून नाही. दुसरी एक नर्स, जी म्हणाली, “लावा हो. मी रोज काय काय बघते, मला बॅनरचं काय!”

तेजसने दोन्ही फोटो बघून ओठ बाहेर काढले. “भायेरच्या हायत ताई. गाववाला कोन नाय?”

शनिवारी दुपारी दुकानात शनिवारवाली आली. वैशालीला तिचं नाव माहीत नव्हतं. चाळिशीच्या आसपासची बाई, स्कूटरवरून यायची, चेहऱ्याला गुंडाळलेला स्कार्फ दुकानात आल्यावर सोडायची. मुलाचा क्लास सुटेपर्यंत मागच्या कपाटाशी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून वाचायची. पुस्तकं पैसे देऊन घ्यायची, पण घरी न्यायची नाही. ती दुकानातच एका कप्प्यात राहायची. तिचा चष्माही तिथलाच, गल्ल्याखालच्या खणात, लाल डबीत. वैशालीने एकदा विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, “घरी काय वाचायचं असतं? घरी नुसतं बगायचं. त्याला चष्मा लागत नाय.”

पण फळ्यावरच्या सगळ्यात चांगल्या शिफारशी तिच्या होत्या. दोनच ओळी सांगायची आणि त्या वाचून माणूस बस सोडायचा. नाव काय लिहू म्हटलं की म्हणायची, “एक वाचक.” गेली पाच-सहा वर्षं फळ्यावर एवढंच येत होतं. दिनानाथांना त्या शिफारशी करणारा माणूस कोणी प्राध्यापक असावा अशी शंका होती.

आज तिला खणातून चष्मा देता देता वैशालीचं तोंड सुटलं. तेजस, दिनानाथ, चहा, बिस्किटं, सगळं सांगून झालं. फ्लेक्समधून झिरपलेल्या उजेडाने दुकान गुलाबी झालं होतं. बॅनरवरच्या बाईची साडी त्या रंगाची होती. काचेतून तिचा भलामोठा चेहरा आरशातल्यासारखा उलटा दिसत होता.

“आणि या बाई!” वैशालीने त्या चेहऱ्याकडे हात केला. “वाढदिवस हिचा आणि सुतक माझ्या दुकानाला. एकदा समोर येऊ दे. विचारणार आहे, बाई गं, माझ्या फळ्याने तुझं काय घोडं मारलं होतं?”

शनिवारवालीने चष्मा काढून मांडीवर ठेवला.

“इचारा की.”

“मला कुठे भेटतेय ती!”

“भेटलीय,” ती म्हणाली.

वैशालीने तिच्याकडे पाहिलं. मग काचेकडे. मग पुन्हा तिच्याकडे. रंग वेगळा, गाल वेगळे, डोळ्यांखालची काळी वर्तुळं तिकडे नव्हतीच. पण भुवईमधली बारीकशी खोक दोन्हीकडे होती. ती पुसायची तेजस विसरला होता.

वैशालीला बसायला काही मिळालं नाही, म्हणून ती पुस्तकांच्या एका खोक्यावरच टेकली.

“मला कोनी इचारलं नाय ताई,” प्रिया म्हणाली. “फोटो नणंदेच्या हलदीतला हाय. सकाली दूध आनायला गेले, तर नाक्यावर मीच उभी. पयल्यांदा वलखलंच नाय.”

“आणि वाढदिवस?”

“तो फेब्रुवारीत. आचारसंहिता लागली की बॅनर लावता येनार नाय, म्हनून आधी केला. केक पन कापला. सगले टाल्या वाजवत होते, मी पन वाजवल्या.” ती हसली, पण ते हसू तोंडावर फार वेळ टिकलं नाही. “पोरगा इचारतो, मम्मी, फेब्रुवारीत परत मोठी होशील का?”

मग तिने चष्मा लावला आणि पुस्तक उघडलं. बराच वेळ ती वाचत होती. वैशालीला मात्र पानं उलटल्याचा आवाज फार कमी वेळा आला. क्लास सुटायची वेळ झाली तशी प्रिया उठली. पुस्तक कप्प्यात ठेवलं नाही, हातातच धरलं. ‘आगरातली वाट’ नावाचं बारीकसं पुस्तक होतं ते, मिठागरात राबणाऱ्या एका बाईचं.

“तुमच्या बॅनरला गावातलं तोंड पायजे ना?”

वैशाली झटकन म्हणाली, “तू नको. तुला घरी जायचंय. मी बाहेरची आहे, मला काय करतील? फार तर दुकान उठवतील.”

“दहा फुटाची लावली मला, कोनी इचारलं नाय.” प्रियाचा आवाज चढला नव्हता. “आता वीतभर मी लावते. मी पन इचारनार नाय.”

“नाव काय घालू? एक वाचक?”

“प्रिया म्हात्रे. एक वाचक त्याच्या खाली.” दारापर्यंत जाऊन ती परत वळली. “आनि बातमी कोन लिवतं? तुमीच ना? एक बातमी हाय माझ्याकडे.”

बातमी ऐकून वैशालीने कपाळाला हात लावला, आणि मग तिला इतकं हसू फुटलं की डोळे पुसावे लागले.

वैशालीने फोन करून लगेच बोलावलेला तेजस फोटो काढायला दुकानात आला, तेव्हा समोर कोण बसलंय ते बघून दारातच थबकला. “वैनी, तुमी?”

“काढ लवकर. क्लास सुटलाय.”

त्याने मोबाइल धरला. “चष्मा काढा वैनी, काचेवर उजेड मारतो.”

“मारू दे.”

“बरं. मंग नंतर थोडं गोरं—”

“तेजस,” प्रिया म्हणाली. “एकदा केलंस ना? आता हाय तशी ठेव.”

तेजसने मान खाली घातली आणि हाय तशी ठेवली.

सोमवारी सकाळी, बसस्टॉपवर गर्दी व्हायच्या आधी, वैशालीने आणि जाईने स्टूल लावून नवा बॅनर जुन्यावर बांधला. सुतळीच्या गाठी जाईने मारल्या, वैशालीने स्टूल धरून ठेवलं. बांधून झाल्यावर दोघींनी रस्ता ओलांडला आणि बसस्टॉपवर उभं राहून बघितलं.

ना हात जोडलेले, ना कमळं, ना वाघ. वर मोठ्या अक्षरांत ‘या आठवड्याची शिफारस’. खाली तीन पुस्तकं आणि तीन चेहरे. शेवटचा चेहरा सावळा, चष्म्यातला, हातात पुस्तक. त्याखाली लिहिलेलं, ‘मी हे पुस्तक स्वतः वाचलं आहे. दोनदा. तुम्हीही वाचा. — प्रिया म्हात्रे, एक वाचक.’ आणि सर्वांत तळाशी, चौकटीत, ‘बातमी: प्रिया म्हात्रे यांचा वाढदिवस या आठवड्यात नाही.’

आठ वाजता मंडळाची तीन पोरं आली. बॅनरवर बॅनर दिसल्याबरोबर एकाने कटर काढला आणि सुतळीला लावला. दुसऱ्याने त्याचा हात धरला.

“थांब रे. ही वैनी हाय.”

“वैनी खालच्यावर हाय.”

“वरच्यावर पन हाय. बग ना नीट.”

कटरवाल्याने मागे सरून बघितलं. “मंग कुठली काढायची?”

बसस्टॉपवर दोघा-चौघांनी मोबाइल बाहेर काढले होते. निवडणुकीच्या तोंडावर कुंदनभाऊंच्या पोरांनी वहिनींचं तोंड फाडलं, असा व्हिडिओ फिरायला किती वेळ लागतो हे पोरांना वैशालीपेक्षा जास्त कळत होतं. त्यांनी फोन लावला.

कुंदनशेठ आले ते गाडीचं दार उघडं टाकूनच. पांढरा शर्ट, हातात दोन फोन, कपाळावर सकाळचा टिळा. वैशाली दुकानाच्या पायरीवर उभी होती. तिने ठरवलं होतं की एक पायरीसुद्धा उतरायची नाही.

“मॅडम, हे काय चाललंय?”

“शिफारस.”

“आमच्या बॅनरवर?”

“तुमच्या बॅनरमागे माझा फळा आहे. तीन आठवडे झाले. लोक मला फोन करून दुकानाच्या मरणाचं विचारतात. मी कुठे विचारलं तुम्हाला, हे काय चाललंय म्हणून? विचारलं असतंत तर जागा दिली असती. बाजूला.”

कुंदनशेठ उत्तर द्यायला वळले, आणि वळताना त्यांची नजर खालच्या रांगेवर गेली. तिथे ती थांबली. त्यांनी दोन्ही फोन खिशात टाकले आणि बॅनरच्या जवळ गेले. इतके जवळ, की चेहऱ्यासमोर चेहरा आला.

“भाऊ, काढू का?” कटरवाल्याने विचारलं.

त्यांना ते ऐकू गेलं नसावं. ते पुस्तकाचं नाव वाचत होते, मग त्या दोन ओळी, मग चौकटीतली बातमी. आणि पुन्हा वर चेहरा. वैशालीला वाटलं, आता हे ओरडणार. तिने दाराची कड घट्ट धरली.

“चष्मा कवा लागला तिला?” कुंदनशेठ म्हणाले.

आवाज इतका खाली होता की ते कोणाला विचारताहेत हे तिला क्षणभर कळलं नाही.

“झाली की पाच-सहा वर्षं.”

“मला ठावंच…” ते म्हणाले.

तेवढ्यात बसस्टॉपवरून पुतळाआजीने हाक मारली. वाशीला डोळे दाखवायला निघालेली गावातली म्हातारी, शेजारच्या मुलीकडून तिने बॅनर वाचून घेतला होता. “अरं कुंदन, तुज्या बायकोचा वाडदिवस नक्की कवा हाय? मी नारल घेऊन आले तवा तुमच्याकडं, ओटी भरली तिची!”

सगळा बसस्टॉप हसला. कुंदनशेठ हसले नाहीत. त्यांनी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “फेब्रुवारीत हाय, आये.” मग पोरांकडे वळून म्हणाले, “आपला काढा.”

“आपला?”

“आपला. तारीख चुकलीय.”

पोरं मागच्या बाजूने शिरली. सुतळ्या तुटल्या, आणि दहा फुटी गोरा चेहरा सरसरत खाली आला. तो कसा घडी घालायचा यावर त्यांची थोडी चर्चा झाली. शेवटी गुंडाळी करून त्यांनी तो गाडीच्या डिकीत कोंबला.

वैशाली अजून पायरीवरच होती. “आणि ते बांबूही तिकडे सरकवा,” ती म्हणाली. “झाडाकडे. आमचा बॅनर आमच्याच फळ्यासमोर नको.”

पोरांनी भाऊंकडे बघितलं. भाऊ गाडीत बसले होते आणि समोरच्या काचेतून कुठेतरी बघत होते. पोरांनी बांबू सरकवले.

फळा उघडा पडला. सकाळच्या उन्हात खडूची टपोरी अक्षरं अगदी लख्ख दिसत होती. बसस्टॉपवर कोणीतरी मोठ्याने वाचलं, “दुकान चालू आहे. बॅनरच्या मागे आहे,” आणि हशा पिकला. वैशालीने डस्टर घेऊन दुसरं वाक्य तेवढं पुसलं.

दहाच्या सुमाराला दिनानाथ आले. बराच वेळ पुस्तकं चाळल्याचं नाटक करून मग म्हणाले, “मजकूर चांगला झालाय. अजून एखाद्या फोटोला जागा होईल का, पुढच्या वेळी?”

“फळ्यावर लिहिते तुमचं नाव,” वैशाली म्हणाली. “पुसता येतो.”

त्यांनी पदवीचा विषय काढला नाही.

दुपारपर्यंत अकरा माणसं रस्ता ओलांडून आली. बहुतेकांनी ‘आगरातली वाट’ विचारलं. होत्या त्या प्रती संपल्या, पण वैशालीचं लक्ष विक्रीत नव्हतं. गाडीत बसलेल्या त्या माणसाचा चेहरा तिला परत परत आठवत होता, आणि घरी काय चाललं असेल याचा विचार आला की हातातलं काम सुटत होतं. आपण आपल्या फळ्यापायी दुसरीच्या घरात काडी टाकली, असंही एकदा तिच्या मनात आलं. ‘पण ती स्वतःहून आली,’ तिने स्वतःला बजावलं, ‘तिने परवानगी मागितली नव्हती आणि ती द्यायचा मला हक्कही नव्हता.’

तीनच्या पुढे स्कूटर थांबल्याचा आवाज आला. सोमवार होता. सोमवारी क्लास नसतो.

प्रिया आत आली. चेहऱ्याला स्कार्फ नव्हता. दुकानातली दोन गिऱ्हाइकं तिच्याकडे आणि मग बाहेर बॅनरकडे बघायला लागली. तिने त्यांना मान हलवून ओळख दिली, आणि मागच्या स्टुलावर जाऊन बसली. वैशालीने खण उघडला आणि लाल डबी तिच्या हातात दिली. तिला विचारायचं होतं. पण प्रियाने पुस्तक उघडलं होतं, आणि वाचणाऱ्याला मध्येच हाक मारायची नाही हा दुकानाचा दुसरा नियम होता.

या वेळी पानं भराभर उलटत होती. ऊन कपाटाच्या खालच्या कप्प्यापर्यंत उतरलं, गिऱ्हाइकं आली-गेली, आणि साडेपाचच्या बसने स्टॉप रिकामा केला तेव्हा प्रियाने पुस्तक मिटलं.

ती गल्ल्याशी आली. वैशालीने सवयीने खण ओढला आणि डबीसाठी हात पुढे केला.

प्रियाने चष्मा पुसला, डबीत ठेवला, डबी खटकन बंद केली आणि आपल्या पर्समध्ये टाकली. कप्प्यातली तिची पुस्तकं तिने एका पिशवीत भरली. पिशवी जड झाली, तेव्हा वैशालीने दुसरी बाजू धरली आणि दोघींनी ती स्कूटरच्या पायाशी नेऊन ठेवली.

“चष्मा?” वैशालीने शेवटी विचारलंच.

“घरी लागेल,” प्रिया म्हणाली, आणि तिने स्कूटर गावाच्या रस्त्याला वळवली.